विश्लेषण : नवे रिव्हॉल्व्हर सदोष निघाले तर? वॉरंटी, परवाना आणि सातारा-सांगलीच्या ग्राहकासमोरचे प्रश्न

मोबाइल बिघडला तर तो सेवा केंद्रात देता येतो, फ्रिज बिघडला तर कंपनीचा माणूस घरी येतो. परवाना काढून, लाखभर रुपये मोजून घेतलेले नवे रिव्हॉल्व्हर बिघडले तर मात्र ते कुरिअरने पाठवता येत नाही, गावातल्या लेथवाल्याकडे देता येत नाही आणि शेतात जाऊन एक बार काढून पाहताही येत नाही. या वस्तूला दोन कायदे लागू होतात. शस्त्र कायद्याच्या दृष्टीने ती सतत नजरेखाली ठेवायची धोकादायक वस्तू आहे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या दृष्टीने तीही पैसे देऊन विकत घेतलेली एक वस्तूच आहे. सदोष शस्त्राच्या मालकाची सगळी अडचण या दोन कायद्यांच्या मधल्या जागेत आहे.

हा प्रश्न आताच का?

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदा याच्या पायात त्याच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. रिव्हॉल्व्हर हातातून निसटून पडले आणि गोळी सुटली, असे तेव्हा सांगण्यात आले. ते शस्त्र नवे नव्हते. तरीही, चाप न ओढता गोळी सुटतेच कशी, हा प्रश्न त्या घटनेने सामान्य माणसाच्याही मनात आणला. त्यानंतर ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि जिल्ह्यातील शस्त्र परवान्यांची फेरतपासणी सुरू झाली. परवाना कोणाला द्यावा आणि कोणाचा काढून घ्यावा, यावर राज्यभर चर्चा झाली. परवानाधारकाच्या हाती पडणारी वस्तू कशा दर्जाची असते, हा विषय त्या चर्चेत आला नाही.

तिसरे कारण पैशाचे. जीएसटीच्या नव्या रचनेत २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलांवरचा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. सामान्य नागरिकाला परदेशी पिस्तूल सहज आयात करता येत नाही. त्यामुळे निवड देशात बनणाऱ्या मोजक्या शस्त्रांपुरती राहते आणि त्यांची किंमत आता आणखी वाढली आहे. एवढे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत दोष निघाला, तर दाद मागायची कोठे, हे माहीत असणे गरजेचे आहे.

सातारा-सांगलीत शस्त्र घेते कोण?

सातारा हा सैनिकांचा जिल्हा. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये येथेच सुरू झाली आणि सातारा तालुक्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावाच्या नावातच त्याची ओळख आहे. निवृत्त जवानांपैकी अनेक जण बँका, पतसंस्था, साखर कारखाने येथे सुरक्षारक्षक म्हणून काम करतात आणि अशा नोकरीत स्वतःची परवान्याची बंदूक असणे ही बऱ्याचदा अटच असते. सांगली जिल्ह्यात विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदीच्या कामासाठी देशभर फिरतात. ४ जून २०२३ रोजी सांगली-मिरज रस्त्यावरील सराफी दालनावर भरदिवसा सशस्त्र दरोडा पडला, तेव्हा या वर्गाची भीती काल्पनिक नाही हे दिसले.

दोन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे परवान्याचे काम जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातून चालते. परवाना मिळण्यासाठी पोलीस पडताळणी, कारणांची छाननी, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असे टप्पे पार करावे लागतात. या सगळ्यानंतर हाती आलेले शस्त्र ऐनवेळी चालले नाही, तर परवाना घेण्यामागचा हेतूच फसतो. शस्त्र जवळ आहे या भरवशावर माणूस जो धोका पत्करतो, तो शस्त्र नसताना त्याने पत्करला नसता.

ही शस्त्रे बनतात कोठे?

सामान्य परवान्यावर मिळणारी हातातली शस्त्रे प्रामुख्याने ०.३२ बोरची असतात. त्यांचे सर्वांत जुने आणि मोठे उत्पादक म्हणजे सरकारी आयुध निर्माणी. कानपूरची स्मॉल आर्म्स फॅक्टरी रिव्हॉल्व्हर बनवते, तर पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत पिस्तूल तयार होते. दिल्लीतील ‘निर्भया’ प्रकरणानंतर २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेले ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीचे. २०२३ मध्ये ‘प्रबल’ हे नवे रिव्हॉल्व्हर बाजारात आले. अलीकडे उत्तर प्रदेश, हरियाणातील काही खासगी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या आहेत.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. कानपूर आणि ईशापूरचे शस्त्र कारखाने ‘ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड’ या कंपनीकडे गेले. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या दुसऱ्या कंपनीकडे गेला. ही विभागणी वॉरंटीच्या प्रश्नात महत्त्वाची ठरते, ती कशी ते पुढे पाहू.

‘दोष’ नेमका कशाला म्हणायचा?

नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये प्रामुख्याने चार प्रकारचे दोष दिसू शकतात. पहिला, घोडा पडतो पण काडतूस पेटत नाही. घोड्याची स्प्रिंग कमजोर किंवा फायरिंग पिन आखूड असेल तर काडतुसाच्या बुडावरच्या प्रायमरला पुरेसा ठोका बसत नाही. दुसरा, सिलिंडर फिरल्यावर त्याचे छिद्र नळीच्या बरोबर रेषेत येत नाही. अशा वेळी गोळीचा काही भाग नळीच्या तोंडाशी घासून बाजूला उडतो. हा दोष चालवणाऱ्यालाच जखमी करू शकतो. तिसरा, सिलिंडर अडकतो किंवा रिकामी काडतुसे बाहेर पडत नाहीत. चौथा आणि सर्वांत गंभीर म्हणजे शस्त्र पडले किंवा आदळले की गोळी सुटते. जुन्या घडणीच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकलेला असे. नव्या घडणीत मध्ये अडसर असतो आणि चाप पूर्ण ओढल्याशिवाय तो हटत नाही. तो अडसर नीट बसला नसेल तर सुरक्षितता केवळ कागदावर राहते.

पिस्तुलाची तऱ्हा थोडी वेगळी. त्यात मॅगझिनमधून काडतूस वर न येणे आणि रिकामे टरफल अडकणे या तक्रारी जास्त असतात.

शस्त्र कारखान्यातून बाहेर पडण्याआधी नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या काडतुसाने त्याची चाचणी होते आणि तशी खूण धातूवर ठोकली जाते. ही खूण पाहून अनेकांना वाटते की शस्त्र सर्व बाजूंनी तपासलेले आहे. ती चाचणी नळी आणि सिलिंडर फुटणार नाही एवढे सांगते. शस्त्र शंभर वेळा चाप ओढल्यावर शंभर वेळा चालेल, याची हमी ती देत नाही.

दोष उशिरा का कळतो?

मोटारसायकल घेतल्यावर ती पहिल्याच दिवशी चालवली जाते. परवानाधारक शस्त्र अनेकदा वर्षानुवर्षे तिजोरीत पडून असते. त्याला कारणेही आहेत. काडतुसे मोजून मिळतात आणि त्यांचा हिशेब द्यावा लागतो. मोकळ्या माळावर किंवा उसाच्या फडात जाऊन ‘ट्रायल’ घेणे धोक्याचे तर आहेच, शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांची सुरक्षितता धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदेशीर जागा म्हणजे मान्यताप्राप्त नेमबाजी रेंज. कोल्हापूरने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यासारख्या नेमबाज घडवल्या, पुण्यात बालेवाडीला मोठी रेंज आहे. पण तेथील सोयी खेळाडूंसाठी आहेत. माण किंवा जत तालुक्यातल्या परवानाधारकाला स्वतःचे ०.३२ बोरचे शस्त्र तपासायचे तर आधी रेंजची परवानगी आणि मग प्रवास, असा खटाटोप करावा लागतो.

परिणाम असा की वॉरंटीची मुदत चालू राहते आणि शस्त्र न वापरताच ती संपते. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा असले, तरी वॉरंटीचे दिवस मोजले जातच असतात. म्हणून खरेदीच्या दिवशी दुकानातच, रिकामे शस्त्र हातात घेऊन केलेली तपासणी सर्वांत मोलाची. सिलिंडर सहज फिरतो का, घोडा उचलल्यावर तो घट्ट बसतो का, चाप सोडल्यावर परत येतो का, नळी आतून स्वच्छ आहे का, शस्त्रावरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक एकच आहे का, हे पाहण्यास दहा मिनिटे लागतात. त्यानंतर वॉरंटीच्या मुदतीत रेंजवर एकदा तरी शस्त्र चालवून पाहावे आणि त्याची लेखी नोंद ठेवावी.

बंदूक सदोष की काडतूस?

चाप ओढला आणि नुसता ‘टक’ असा आवाज आला, तर दोष दोन्हीपैकी कशातही असू शकतो. येथेच आयुध निर्माणीच्या विभागणीचा मुद्दा येतो. पूर्वी शस्त्र आणि काडतूस दोन्ही एकाच मंडळाची असत. आता रिव्हॉल्व्हर कानपूरच्या कंपनीचे आणि काडतूस खडकीचे, अशी स्थिती असेल तर दोन स्वतंत्र कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवू शकतात.

यावर उपाय पुराव्याचा आहे. न पेटलेले काडतूस फेकून न देता जपून ठेवावे. त्याच्या बुडावर उमटलेला ठोका उथळ असेल तर संशय शस्त्रावर जातो. खोल आणि मधोमध असेल तर काडतुसावर. काडतुसांच्या खोक्यावरचा लॉट क्रमांक टिपून ठेवावा. वेगवेगळ्या लॉटची काडतुसे एकाच शस्त्रात वारंवार न पेटल्यास शस्त्रातील दोषाचा दावा भक्कम होतो. सुरक्षेचा नियमही येथे सांगायला हवा. काडतूस पेटले नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबावे, कारण बार उशिरा उडू शकतो. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढचा बार मुळीच काढू नये. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि दुसऱ्या गोळीने नळी फुटते.

दुरुस्तीसाठी शस्त्र न्यायचे कसे?

शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती आणि चाचणी करण्यासाठीही वेगळा परवाना लागतो. विनापरवाना दुरुस्ती करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे ते जन्मठेप एवढी शिक्षा आहे. ‘फक्त स्प्रिंग बदलून दे’ म्हणून ओळखीच्या कारागिराकडे शस्त्र देणे म्हणजे त्याला या कलमाच्या तोंडी देणे. शिवाय एकदा बाहेरच्या माणसाने शस्त्र उघडले की वॉरंटी नाकारायला कंपनीला आयते कारण मिळते.

याच कायद्याच्या कलम ३ मध्ये एक उपयोगी सवलत आहे. परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने, स्वतःचा परवाना नसलेली व्यक्तीही दुरुस्तीसाठी शस्त्र नेऊ शकते. वृद्ध माजी सैनिकाचे शस्त्र त्यांचा मुलगा परवानाधारक विक्रेत्याकडे नेऊ शकतो, तो याच तरतुदीमुळे. अधिकारपत्रात शस्त्राचा क्रमांक, कोठून कोठे, कशासाठी आणि कोणत्या तारखेला हे स्पष्ट लिहावे.

खरा सापळा परवान्याच्या क्षेत्राचा आहे. अनेक परवाने जिल्ह्यापुरते किंवा महाराष्ट्रापुरते असतात. कानपूर साताऱ्यापासून हजार किलोमीटरहून दूर आहे आणि वाटेत राज्याच्या सीमा लागतात. महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन शस्त्रासह कानपूरची गाडी पकडणारा ग्राहक वॉरंटी मागायला निघतो आणि सीमा ओलांडताच परवान्याच्या अटीचा भंग करतो. कलम ३ मधील सवलतीने परवान्याचे क्षेत्र वाढते, असे धरून चालू नये. सुरक्षित मार्ग दोन. ज्या विक्रेत्याकडून शस्त्र घेतले त्याच्याकडे ते जमा करून पोच घ्यावी आणि त्याच्यामार्फत कारखान्याकडे पाठवावे. किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातून प्रवासासाठी लेखी परवानगी घ्यावी. दोन्ही वेळा शस्त्र सध्या कोठे आहे, हे पोलीस ठाण्याला लेखी कळवावे. शस्त्र घरी का नाही, या प्रश्नाचे उत्तर कागदावर तयार असले पाहिजे.

शस्त्र बदलून मिळाले तर प्रश्न संपतो का?

नाही. परवान्यावर शस्त्राचा प्रकार, बोर आणि क्रमांक यांची नोंद असते. बदलून मिळालेल्या शस्त्राचा क्रमांक वेगळा असतो. म्हणजे जुने शस्त्र परवान्यावरून कमी करणे, नव्याची नोंद करणे आणि राष्ट्रीय नोंदपटात बदल करून घेणे, ही कामे पुन्हा करावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला कमाल दोनच शस्त्रे ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. ज्याच्याकडे आधीच दोन शस्त्रे आहेत, त्याला सदोष शस्त्र परवान्यावरून कमी झाल्याशिवाय बदली शस्त्र घेता येणार नाही. त्यामुळे कंपनीने बदलून देण्यास होकार दिला की आधी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा आणि मगच शस्त्र ताब्यात घ्यावे.

कंपनीने दाद दिली नाही तर?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा मानक यांतील कोणतीही उणीव दोष ठरते. शस्त्र याला अपवाद नाही आणि उत्पादक सरकारी कंपनी असली तरी पैसे घेऊन वस्तू विकल्यावर ती या कायद्याच्या कक्षेत येते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगारात वापरलेली वस्तूही ‘ग्राहक’ या व्याख्येत बसते.

तक्रारीसाठी कानपूरला जावे लागत नाही. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे साताऱ्याच्या ग्राहकाने साताऱ्यात आणि सांगलीच्या ग्राहकाने सांगलीत. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगालाच अधिकार आहेत आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद कलम ३८ मध्ये आहे आणि अहवालासाठी ४५ दिवस दिलेले आहेत. कायद्यात तक्रार निकाली काढण्याची अपेक्षा तीन महिन्यांची, चाचणी लागल्यास पाच महिन्यांची आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो.

सदोष शस्त्रामुळे इजा झाली तर ‘उत्पादन दायित्व’ हे वेगळे प्रकरण लागू होते. उत्पादनात दोष असेल किंवा दिलेल्या हमीप्रमाणे वस्तू नसेल, तर उत्पादक भरपाईस जबाबदार ठरतो. मात्र वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध असा दावा करता येत नाही. घरी कानस चालवण्याचा मोह टाळावा, तो यासाठीही.

अमेरिकेत काय होते?

जिथे घरोघरी बंदुका आहेत तिथे ग्राहक जास्त सुरक्षित असेल, असे वाटू शकते. चित्र मिश्र आहे. अमेरिकेत कंपनीने दुरुस्त केलेले किंवा बदलून दिलेले पिस्तूल थेट मालकाच्या घरी पाठवता येते. म्हणजे सेवा सोपी आहे. पण १९७२ च्या तेथील ग्राहक वस्तू सुरक्षा कायद्यातून बंदुका वगळलेल्या आहेत. सदोष खेळणे बाजारातून मागे घ्यायला लावणारी सरकारी यंत्रणा सदोष पिस्तुलाबाबत तसे करू शकत नाही. २०१५ मध्ये पडल्यावर गोळी सुटू शकते या आरोपावरून टॉरस कंपनीच्या सुमारे दहा लाख पिस्तुलांबाबत तडजोड झाली, ती न्यायालयातल्या सामूहिक दाव्यातून. २०१७ मध्ये सिग सॉवर कंपनीने आपल्या पी-३२० या पिस्तुलासाठी सुधारणा देऊ केली, ती ‘ऐच्छिक’ म्हणून.

भारतात परिस्थिती नेमकी उलटी आहे. कायद्याने ग्राहकाला दिलेला हक्क भक्कम आहे, पण तो हक्क बजावण्यासाठी वस्तू हलवणेच अवघड आहे.

मग ग्राहकाने काय करावे?

क्रम महत्त्वाचा आहे. दोष दिसताच शस्त्र रिकामे करून वापर थांबवावा. बिल, वॉरंटी कार्ड आणि परवान्याच्या प्रती काढाव्यात. दोषाचे छायाचित्र किंवा चित्रफीत घ्यावी, काडतुसे जपावीत. विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही वॉरंटीच्या मुदतीत लेखी तक्रार पाठवावी. फोनवरच्या आश्वासनाला पुढे किंमत राहत नाही. पोच घेऊनच शस्त्र जमा करावे. ठरावीक मुदतीत उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करावी आणि त्यानंतर जिल्हा आयोगाकडे जावे. दुरुस्त होऊन आलेले शस्त्र रेंजवर तपासल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये.

ग्राहकाने एवढे सगळे केले तरी एक गोष्ट त्याच्या हातात नाही. प्रत्येक सदोष शस्त्राने हजार किलोमीटरचा प्रवास करावा, ही व्यवस्था ग्राहकाला परवडणारी नाही आणि शस्त्र जितके जास्त फिरेल तितके सुरक्षेच्या दृष्टीनेही वाईट. पुणे परिसरात संरक्षण उत्पादनाची मोठी यंत्रणा आधीच आहे. पश्चिम महाराष्ट्रासाठी तिथेच उत्पादकांचे एखादे अधिकृत तपासणी केंद्र झाले, तर साताऱ्याचा किंवा सांगलीचा परवानाधारक सकाळी निघून राज्याची हद्द न ओलांडता संध्याकाळी घरी परतू शकेल. ४० टक्के कर भरणाऱ्या ग्राहकाची ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.